स्लो १,८०० वर, बिल १४,२०० चं: कार्बोरेटरच्या नावाखाली झालेली फसवणूक

नाशिक रोडला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची प्रीमियर पद्मिनी. १,०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. इंजिन गरम झालं, चोकची (थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल देणाऱ्या यंत्रणेची) दांडी पूर्ण आत गेली, तरी आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) १,८०० च्या खाली येईना. अशा गाडीचा स्लो, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, ७०० ते ९०० च्या आसपास बसायला हवा. गॅरेजमध्ये बॉनेट उघडताक्षणीच निदान झालं: "कार्बोरेटरची बॉडी गेली. शिवाय गाडी मुंबईची, नाशिक उंचावर, जेट बदलावेच लागतील. आणि आता ई-२० पेट्रोल आलंय ना!"

तीन दिवसांनी गाडी मिळाली. नवा कार्बोरेटर ९,५००, जेटचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांचा) सेट १,४००, ट्युनिंग १,८००, मजुरी १,५००. एकूण १४,२०० रुपये. स्लो ८०० वर, अगदी शांत. पैसे दिले गेले. गॅरेजचं नाव इथे घेत नाही, कारण हीच युक्ती करणारे आणखीही आहेत. म्हणून ती नीट समजून घ्या.

आठवड्याभरात द्वारका चौकाच्या गर्दीत तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. चढावर गाडी ओढेना, पेट्रोलही जास्त जाऊ लागलं. दुसऱ्या मेकॅनिकने टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावल्यावर उलगडा झाला. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) सैल करून ठिणगीचं टायमिंग बरंच मागे नेलं होतं. ठिणगी उशिरा पडली की ताकद कमी होते आणि स्लो आपोआप उतरतो. मूळ दोष मात्र तसाच राहतो. जळणाची उष्णता उशिरापर्यंत एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते, म्हणून इंजिन तापतं. टायमिंग पुस्तिकेतल्या खुणेवर आणलं आणि आरपीएम पुन्हा १,८०० वर गेले.

आता त्या दोन सबबी. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे मिश्रण दोन-तीन टक्के रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. रिच मिश्रणाने स्लो जड होतो, घरघरतो. तो हजार आरपीएमने वर चढत नाही. ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉलने मिश्रण लीन (रिचच्या उलट) होतं आणि जुने रबरी पाइप खराब होतात. ते पाइप बदलायलाच हवेत, पण म्हणून अख्खा कार्बोरेटर बदलायचं कारण नाही.

स्लो चढलेला राहतो तेव्हा बहुतेक वेळा हवा कुठून तरी जास्त जात असते. ती कार्बोरेटरच्या तोंडातून जाते की बाहेरून, एवढं कळलं तरी अर्धं काम होतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन गरम. आधी अ‍ॅक्सिलरेटरचं लिंकेज सोडवा आणि थ्रॉटलचा (हवेची वाट उघडणाऱ्या पाकळीचा) दांडा स्टॉप स्क्रूवर येऊन टेकतो का ते पाहा. कित्येकदा दोष इथेच निघतो: स्प्रिंग थकलेली, नाहीतर लिंकेजच्या सांध्यात मळ. मग चोक. या सोलेक्समध्ये चोकसाठी तोंडावर झाकणी नसते. बाजूला स्टार्टरची फिरती चकती असते. दांडी डॅशबोर्डवर आत दिसते, पण केबल दोन-तीन मिलिमीटर लांब पडली तरी चकती अर्धवट उघडी राहते. म्हणून बॉनेटखाली जाऊन चकतीचा दांडा हाताने मागे ढकलून पाहा.

हे ठीक असेल तर स्टॉप स्क्रू पूर्ण सैल करा, एअर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडावर सपाट लाकडी फळी धरा. हात ठेवू नका, बॅकफायर झाला तर भाजेल. इंजिन लगेच बंद पडलं तर हवा तोंडातूनच जाते आहे: थ्रॉटलची पाकळी नीट बसत नाही किंवा चोक उघडा आहे. फळी धरूनही इंजिन चालूच राहिलं तर हवा खालून, बाहेरून शिरते आहे.

या पद्मिनीत इंजिन चालूच राहिलं. फवाऱ्याच्या बाटलीने कार्बोरेटरच्या बुडाच्या सांध्यावर पाणी मारल्याबरोबर ते अडखळलं. पाणी थोडंच मारावं. तापलेल्या एक्झॉस्टचं बीड तडकू शकतं, आणि डिस्ट्रिब्युटर कोरडा राहायला हवा. या तपासणीला पेट्रोल कुणी वापरत असेल तर त्याला थांबवा. जीवाशी खेळ आहे.

कार्बोरेटर उतरवल्यावर त्याची फ्लँज (बुडाची सपाट कड) वाकलेली दिसली. पट्टी आडवी ठेवली की मधे फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) ०.१५ मिलिमीटरचं पान सहज जात होतं. एक नट आधी पूर्ण आवळून मग दुसरा आवळला की फ्लँज अशीच वाकते. जाड सपाट काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ती आठाच्या आकारात घासली, इन्सुलेटरच्या (कार्बोरेटरखालच्या उष्णतारोधक तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग घातलं आणि दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले. मिक्श्चर स्क्रू (स्लोचं मिश्रण ठरवणारा) हलक्या हाताने टेकवून दीड फेरा बाहेर. स्लो ८०० वर आला, टायमिंग खुणेवर ठेवून. खर्च पॅकिंगचा आणि दोन तासांच्या मजुरीचा.

सगळ्यात वाईट गोष्ट त्यानंतर कळली. तो 'नवा' कार्बोरेटर नवा नव्हताच. बाहेरून चकचकीत, पण थ्रॉटलचा दांडा धरून हलवला की खटखट हलतो, स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या, फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याच्या) कोपऱ्यात पांढरी जुनी भुकटी. गाडीबरोबर आलेली मूळ बॉडी तिकडेच राहिली. मागायला गेल्यावर उत्तर मिळालं, "भंगारात गेली." जुन्या गाडीवाल्यांना ठाऊक आहे, मूळ कास्टिंगच्या बॉडीला गिऱ्हाईक असतं. आणि दांड्याचा बुश झिजला असेल तरी नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या लेथवर तो नवा बसवता येतो, बॉडी टाकावी लागत नाही.

गाडी गॅरेजला सोडण्याआधी कार्बोरेटरचे चारही बाजूंनी फोटो काढा, कास्टिंगवरचे आकडे लिहून घ्या आणि फ्लोट चेंबरच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या. जॉबकार्डवर 'काढलेले सर्व पार्ट परत' हे शब्द लिहून सही घ्या. गाडी परत घेताना टायमिंग लाइट तुमच्यासमोर लावायला सांगा. लावायला नकार दिला तर पैसे देऊ नका. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल आणि फोटो मात्र जपून ठेवा. या गृहस्थांकडे बिल होतं, मूळ बॉडीचा एकही फोटो नव्हता.