कार्डिफ आर्म्स पार्कचं हंगामी तिकीट: अख्ख्या हंगामानंतर

कार्डिफ आर्म्स पार्क म्हणजे वेल्समधल्या कार्डिफ रग्बी क्लबचं मैदान. त्याचं हंगामी तिकीट घ्यावं का, हे विचारणारे बरेच आहेत, म्हणून आधी उत्तर देऊन टाकते. चषक उचलणारा संघ बघायचा असेल तर हे तिकीट घेऊ नका. २०२४-२५चा हंगाम मी टेरेसवर काढला, म्हणजे उभ्याने. खेळ अगदी वाईट झाला असं नाही. पण युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप या आमच्या लीगमध्ये पहिले आठ संघ पुढे जातात, आणि आठवी जागा स्कार्लेट्सने नेली. म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांनी, लानेथ्ली गावच्या लोकांनी! इथल्या जुन्या माणसांना हरण्यापेक्षा हे जास्त झोंबतं.

त्यात एप्रिल २०२५मध्ये क्लब दिवाळखोरीत जाऊन प्रशासकांच्या हाती गेला आणि लगेच वेल्सची रग्बी चालवणाऱ्या वेल्श रग्बी युनियनने तो विकत घेतला. नव्या माणसाला वाटेल, सुटलो बुवा. टेरेसवरच्या चेहऱ्यांवर मात्र सुटका नव्हती. का, ते समजायचं तर वेस्टगेट स्ट्रीटवरून आत शिरल्यावर दक्षिणेकडे बघा. शेजारच्या अवाढव्य प्रिन्सिपॅलिटी स्टेडियमचा उत्तरेचा स्टँड आर्म्स पार्कला टेकतो तिथे अर्धवट राहिलाय. नव्वदच्या दशकात ते स्टेडियम बांधताना क्लब आणि युनियनचं जमेना, क्लबने जागा सोडली नाही. त्या खिंडाराला लोक ‘ग्लॅनमोर्स गॅप’ म्हणतात, युनियनच्या तेव्हाच्या अध्यक्षांवरून. ज्या युनियनपुढे मान तुकवली नाही म्हणून अभिमानाने ते खिंडार दाखवायचं, तीच २०२५मध्ये मालक झाली.

मी इथे नोकरीसाठी आले ती २००८च्या सुमारास. कबड्डी बघत वाढलेल्या माणसाला टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून आडवं पाडणं, शिकवावा लागत नाही, त्यामुळे गोडी लवकर लागली. २००९ची हाइनेकेन कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची, उपांत्य फेरी शेजारच्या मोठ्या स्टेडियमवर झाली, समोर इंग्लंडचा लेस्टर. २६-२६ बरोबरी, जादा वेळेतही निकाल नाही, मग या स्पर्धेत पहिल्यांदाच किक मारून फैसला. आमचा मार्टिन विल्यम्स हा फ्लँकर, आयुष्यभर लोकांना आडवं पाडणारा माणूस. त्याची किक बाहेर गेली आणि लेस्टरच्या जॉर्डन क्रेनची आत. पुढच्याच वर्षी मार्सेयला फ्रान्सच्या तुलोंला हरवून चॅलेंज कप (युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा) आणला, २०१८ला बिल्बाओत ग्लॉस्टरला ३१-३० हरवून पुन्हा आणला. गॅरेथ अ‍ॅन्सकोमची शेवटच्या क्षणांतली पेनल्टी! तेव्हापासून कपाटात नवीन काही नाही.

शेजारी उभे राहणारे आजोबा मात्र २००९लाही ‘अलीकडचं’ म्हणतात. त्यांची गाडी थेट १९५३ला जाते, कार्डिफने न्यूझीलंडला ८-३ हरवलं त्या सामन्याला. तो त्यांच्या वडिलांनी पाहिलेला, पण सांगतात असं की हेच मैदानात होते. मग गॅरेथ एडवर्ड्स, बॅरी जॉन, जेराल्ड डेव्हिस हे क्लबचे जुने मोठे खेळाडू. सुरुवातीला मला हे सगळं रडगाणं वाटायचं. महिने गेले तसं कळलं की त्यांची तक्रार हरण्याची नाहीच. पूर्वी समोरचा संघ आसपासचाच, पाँटिप्रिड, नीथ, न्यूपोर्ट असा असायचा. हरलात तर सोमवारी कामावर तोच माणूस भेटायचा. आता कधी इटलीचं ट्रेविझो, कधी दक्षिण आफ्रिकेचं डर्बन. सामन्याची वेळ टीव्हीच्या सोयीने, शुक्रवारी संध्याकाळी ७:३५. नातवंडांना घेऊन यायचं कसं?

२००३ला वेल्समधले जुने क्लब मोडून ‘प्रांत’ केले गेले, कार्डिफचं ‘कार्डिफ ब्लूज’ झालं. पाँटिप्रिड आणि ब्रिजेंडसाठी केलेला सेल्टिक वॉरियर्स एका वर्षात बंद पडला. त्या भागातल्या खोऱ्यांतले लोक आता कार्डिफला टाळ्या वाजवतील, असा हिशेब कोणीतरी मांडला होता. बरेच लोक आलेच नाहीत. का यावं? २०२१ला ‘ब्लूज’ गेलं, निळा-काळा रंग आणि कार्डिफ हे नाव ठसठशीत परत आलं, तेव्हा आजोबा खूश झाले. मला विचाराल तर नाव परत आलं, पण १२,००० माणसांचं मैदान त्याने आपोआप भरत नाही. जुन्या दिवसांच्या गोष्टींत पैशाचा विषय कोणी काढत नाही. तेव्हाचे खेळाडू आठवडाभर नोकऱ्या करून शनिवारी खेळायचे. तो हिशेब आज फ्रान्सच्या क्लबांसमोर कसा टिकणार? हे मी एकदा बोलून दाखवलं, मग मध्यंतरापर्यंत आमच्यात शांतता होती.

ऑक्टोबर २०२५ला युनियनने वेल्समधल्या चार व्यावसायिक संघांचे तीन करायचं जाहीर केलं, त्यात एक जागा कार्डिफची. म्हणजे आम्ही वाचलो, आणि पश्चिमेकडच्या ऑस्प्रीज नाहीतर स्कार्लेट्स या संघांतला एक जाणार, असं तेव्हा दिसत होतं. स्कार्लेट्सला शिव्या देत वाढलेली माणसं त्या दिवसापासून स्कार्लेट्सची काळजी करतायत. डर्बी, म्हणजे शेजाऱ्यांशी होणारा चुरशीचा सामना, कुणाशी खेळायची मग?

आता कामाचं. नवीन आलेल्या मराठी मंडळींनी आधी एकच सामना बघावा, ख्रिसमसच्या आसपासची एखादी वेल्श डर्बी. त्या संध्याकाळी पोटात कालवतं की नाही ते तपासा. शेजारी आंतरराष्ट्रीय सामना असेल त्या दिवशी गाडी शहरात आणू नका, ट्रेनने या. पावसात टेरेसवर छत्री उघडू नये, मागचे लोक ओरडतात. मैदान कृत्रिम गवताचं आहे, त्यामुळे चिखलात लोळणारे स्क्रम (दोन्ही संघांची खांद्याला खांदा लावून रेटारेटी) इथे दिसणार नाहीत. आजोबांची तक्रार क्रमांक दोन. मुंबईत असताना बॉम्बे जिमखान्यावर पावसाळी रग्बी पाहिली असेल तर तुम्हालाही ते चुकल्यासारखं वाटेल.

पुढच्या हंगामाचं तिकीट घेतलंय, या खेपेला खुर्चीचं. गुडघे बोलायला लागले. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, खुर्चीवरून शिव्या नीट ऐकू जात नाहीत.