दुबईतला फ्लॅट: क्रिप्टो देऊन की बँकेतून पैसे पाठवून?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या हॉटेलांत दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शनं लागतात, तिथे हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "यूएसडीटी (डॉलरच्या भावाने चालणारं क्रिप्टो नाणं) आहे का तुमच्याकडे?" २०२०-२१ पासून ज्यांचं थोडंफार बिटकॉइन पडून आहे, त्यांना तो मोहात टाकतो. मी दोन्ही वाटा चाचपून एक निवडली. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून काय पाहिलं ते सगळंच सांगतो.

क्रिप्टोच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच आहे. यूएसडीटी काही मिनिटांत पोचतो. बँकेच्या स्विफ्टला, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या यंत्रणेला, दिवस लागतात आणि मध्ये शनिवार-रविवार आला की जीव टांगणीला. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे डॉलरवर चालणारं नाणं दिलं तर भावाच्या उलथापालथीची भीती फारशी राहत नाही. दुबईत २०२२ पासून 'वारा' हे क्रिप्टोसाठीचं स्वतंत्र नियामक मंडळही आहे. हे सगळीकडे असं नाही. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात २०२२ मध्ये एक घर थेट ३ बिटकॉइनला विकलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी तुर्कस्तानने क्रिप्टोतून पैसे चुकते करण्यावर बंदी घातली होती. तेव्हा आधी देश पाहायचा, मग नाणं.

एक गैरसमज मात्र आधी दूर करायला हवा. नाणं थेट दिलं की इथला कर वाचतो, असं बरेच जण धरून चालतात. फ्लॅटच्या बदल्यात नाणं देणं हेही हस्तांतरणच. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहेच. खरेदीची किंमत सोडून कसलीही वजावट नाही, एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. म्हणजे नाणी इथल्या एक्स्चेंजवर विकून रुपये बँकेत घेतले काय आणि तिकडे परस्पर दिली काय, हा बोजा तोच.

बँकेच्या वाटेला एलआरएस म्हणतात: भारतात राहणाऱ्याने बँकेतून परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना. मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. त्रास इथेही आहे. शाखेत एलआरएस म्हटलं की मुलांच्या परदेशी फीचीच सवय. 'घर घ्यायचंय' म्हटल्यावर मला शरणपूर रोडवरच्या शाखेतून परकीय चलनाच्या विभागाकडे पाठवलं गेलं. चलनाच्या दरात बँकेचा वाटा असतो. आणि सगळ्यात जड म्हणजे टीसीएस, पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो आयकर: वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. ५० लाख पाठवले तर ८ लाख आधी बाजूला काढून ठेवायचे. ते आपलेच असतात, आगाऊ करात किंवा रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोवर अडकतात. ज्याची जुळवाजुळव काठावर आहे, त्याला हे खरंच अवघड जाईल.

एवढ्यावर तराजू जवळजवळ समतोल होता. माझं ठरलं ते एका पावतीवरून.

दुबईत व्यवहाराची नोंद भूमी विभागात दिरहममध्ये होते. त्यामुळे तुम्ही दिलेलं नाणं बहुतेक वेळा मध्यस्थ कंपनी घेते, दिरहम करते आणि बिल्डरच्या खात्यात भरते. मला अशाच एका कंपनीने पावतीचा नमुना दाखवला. पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात त्या कंपनीचं नाव. माझं नाव खाली 'संदर्भ' म्हणून. मी बदलून मागितलं, तर म्हणाले, पद्धत अशीच आहे. वर नाणी कुठून आली याचे पुरावे मागण्याची यादी प्रत्येक फोनला वाढत गेली: जुने बँक उतारे, एक्स्चेंजचे उतारे, वॉलेटचे पत्ते.

आपल्याकडे सातबारा घेताना माणूस फेरफारांची साखळी तपासतो. मधला एक फेरफार सापडला नाही तर स्वस्तातली जमीनही सोडतो. पैशांची साखळीही तशीच तपासली जाणार, हे मला त्या पावतीने दाखवलं. उद्या फ्लॅट विकून रक्कम नाशिकच्या खात्यात आणायची झाली, तर बँक पहिलं विचारणार की हा पैसा बाहेर गेला कसा? एलआरएसने गेला असेल तर पैसे पाठवताना बँकेत भरलेला ए-२ फॉर्म आणि स्विफ्टची प्रत, दोन्हींवर माझं नाव. भाड्याची पहिली रक्कम आली तेव्हा बँकेचा फोन आलाच. मी त्या प्रती पाठवल्या आणि विषय मिटला. क्रिप्टोच्या वाटेवर मी काय दाखवलं असतं?

शिवाय फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, प्रश्न आहेच. नाणं परदेशी वॉलेटमध्ये गेलं की ते रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत बँकेतून गेलेलं नसतं. यात हरकत नाही असं सांगणारे सल्लागार मला भेटले; लेखी मत एकानेही दिलं नाही. घर कुठल्याही वाटेने घ्या, रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावं लागतं आणि ते लपवल्याचा दंड १० लाखांचा आहे. छोट्या परदेशी गुंतवणुकींना २०२४ मध्ये दिलेली सवलत घर-जमिनीला नाही.

टोकनचा, म्हणजे घराचे छोटे डिजिटल हिस्से घेण्याचा, पर्याय थोडक्यात. दुबई भूमी विभागाने मे २०२५ मध्ये २,००० दिरहमपासून घराचा हिस्सा देणारी योजना सुरू केली, पण पहिल्या टप्प्यात ती एमिरेट्स आयडी (तिकडच्या रहिवाशांचं ओळखपत्र) असणाऱ्यांसाठीच ठेवली. अमेरिकेत डेट्रॉइटमधली शेकडो घरं अशी टोकनवर विकणाऱ्या 'रिअल-टी' (RealT) नावाच्या कंपनीवर घरांच्या दुरवस्थेवरून तिथल्या महापालिकेनेच २०२५ मध्ये दावा लावला. लांबून घराची देखभाल कोण करतंय हे कळत नसेल, तर मी तरी लांब राहीन.

क्रिप्टो कोणाला शोभेल? माझा मेहुणा शारजात नोकरी करतो, नाणी तिकडच्याच पगारातून घेतलेली, खातं तिकडचं. त्याला मी अडवणार नाही. नाशिकमध्ये राहून इथेच कर भरणाऱ्याने मात्र नाणी इथे विकावीत, कर भरावा आणि बँकेतून पाठवावं, असं मला वाटतं.

त्यातही दोन गोष्टी आधी ठरवा. पती-पत्नी दोघांची मर्यादा वापरायची असेल तर करारावर दोघांची नावं हवीत. नाव नसलेल्याची रक्कम जोडता येत नाही. आणि जमलं तर अर्धे पैसे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये पाठवा: अडीच लाख डॉलरची मर्यादाही नवी मिळते आणि टीसीएसमधून सुटणारे १० लाखही. फक्त मार्चचे पैसे तिकडे नुसते पडून राहू देऊ नका, १८० दिवसांत ते वापरावे किंवा परत आणावे लागतात.