मधुमेह, स्टेंट आणि एन्हान्स्ड ॲन्युइटी: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ब्रिटनमध्ये साठी ओलांडलेल्या माझ्या मराठी ओळखीपाळखीत साखर, बीपी, कोलेस्टेरॉल यांतलं काहीच नाही असा माणूस शोधावाच लागेल. तरीही पेन्शनच्या पैशातून ॲन्युइटी (साठलेली रक्कम विमा कंपनीला देऊन आयुष्यभर मिळणारं ठरलेलं उत्पन्न) घेताना याच दुखण्यांपायी जास्त उत्पन्न मिळू शकतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. मी अशी एन्हान्स्ड, म्हणजे आजारांमुळे वाढीव रकमेची, ॲन्युइटी घेतली आणि आता सात-आठ महिने पैसे खात्यात येताहेत. बरं-वाईट दोन्ही सांगतो.

माझं वय ६६. जुना टाइप टू मधुमेह, एक स्टेंट, बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन. सिगारेट कधीच नाही. पॉटमध्ये, म्हणजे पेन्शनसाठी साठवलेल्या खात्यात, १,६०,००० पौंड होते. त्यातला पाव हिस्सा करमुक्त काढला, उरले १,२०,०००. एप्रिल २०१५ पासून ॲन्युइटी घेतलीच पाहिजे असं इथे राहिलेलं नाही, पैसे गुंतवलेले ठेवून लागतील तसे काढता येतात. पण बाजार पडला की रात्री उठून फोन बघणाऱ्यांतला मी. मला दरमहा ठरलेली रक्कम हवी होती.

जिथे पॉट होता त्या कंपनीने स्वतःहूनच आकडा पाठवला: वर्षाला ८,३०० पौंडांच्या आसपास. सोबत सही करायचा कागद तयार. तब्येतीचा उल्लेख खाली कुठेतरी एका ओळीत. इथे बरेच जण सही करून मोकळे होतात. खरं तर ॲन्युइटी कुठल्याही कंपनीकडून घेता येते. २०१४ साली एफसीए या आर्थिक नियामक संस्थेने तपासलं तेव्हा आपल्याच कंपनीकडून ॲन्युइटी घेणाऱ्या दहांपैकी आठ जणांना बाहेर जास्त मिळालं असतं असं दिसलं होतं. त्यानंतर नियम कडक झाले, पण तयार कागदावर सही करायचा मोह काही कमी झालेला नाही.

आधी पेन्शन वाइज या सरकारी मार्गदर्शन सेवेची भेट घेतली. असा पॉट असलेल्या पन्नाशीपुढच्या कोणालाही ती फुकट मिळते. अमुक घ्या असं ते सांगत नाहीत, पण काय विचारायचं ते कळतं. मग एका ब्रोकरमार्फत तब्येतीचा फॉर्म भरला, आणि खरं काम तेच आहे. उंची, वजन, कंबरेचा घेर, आठवड्याला दारू किती. प्रत्येक आजार कोणत्या वर्षी निघाला, प्रत्येक गोळीचं नाव आणि मात्रा, शेवटचा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बीपीचे अलीकडचे आकडे, स्टेंट कधी टाकला, इस्पितळात कधी राहिलात, डोळे-किडनी-पाय यांवर परिणाम झालाय का. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या ॲपमध्ये तपासण्यांचे निकाल आणि औषधांची यादी असते. तीच समोर ठेवून एकेक रकाना भरला.

आपल्याकडे दुखणी झाकायची सवय असते. आयुर्विम्याच्या फॉर्मवर आजार लिहिला की हप्ता वाढतो, म्हणून हात आखडतो. इथे सगळं उलटं. तुम्ही कमी जगाल असा कंपनीचा हिशोब निघाला की तेवढेच पैसे कमी वर्षांत वाटायचे असतात, म्हणून वर्षाची रक्कम वाढते. ‘साखर आहे, गोळीवर कंट्रोलमध्ये आहे’ एवढं लिहिणारा माणूस स्वतःचंच नुकसान करतो. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे डाग दिसू लागलेत, या वाक्याचे कोणी मला पैसे देईल असं वाटलं नव्हतं. अर्थात वाढवूनही लिहू नका. कंपन्या नंतर जीपीकडून, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडून, अहवाल मागवून पडताळू शकतात, आणि न जुळल्यास रक्कम कमी होते.

ज्याचा विचार कोणी करत नाही असा मुद्दा बायकोचा. माझ्यामागे तिला निम्मी रक्कम मिळावी म्हणून मी जोडीची ॲन्युइटी घेतली. त्यात कंपनी दोघांचं आयुष्य बघते. जोडीदार ठणठणीत असेल तर तुमच्या आजाराने मिळालेली वाढ बरीच विरघळते. हिला संधिवात आणि बीपी, तर तिचाही फॉर्म तितक्याच बारकाईने भरला. त्याचा फरक पडला.

लीगल अँड जनरल, अविवा, जस्ट, कॅनडा लाइफ अशा कंपन्या या बाजारात आहेत, आणि एकाच फॉर्मवर प्रत्येकीचा आकडा वेगळा येतो. माझ्या बाबतीत सगळ्यात खालचा ८,५०० च्या घरात आणि वरचा ९,३५० होता. कोणी स्टेंटला फार किंमत दिली, कोणी जेमतेम. मी वरचा घेतला: रक्कम कायम तेवढीच, आणि दहा वर्षांची हमी, म्हणजे मी आधी गेलो तरी तेवढी वर्षं पैसे येतच राहणार. म्हणजे मूळ आकड्यापेक्षा वर्षाला हजारभर पौंड जास्त, आणि तेही मरेपर्यंत. ब्रोकर वेगळी फी घेत नाही, पण त्याचं कमिशन आपल्याच पैशातून जातं, हे ध्यानात असू द्या.

आता तक्रारी. जुन्या कंपनीने पैसे पाठवायला इतका वेळ लावला की नव्या कंपनीने दिलेल्या आकड्याची मुदत संपायला आली. रोज फोन केला तेव्हा हलले. पहिल्या महिन्यात इमर्जन्सी टॅक्स कोड (खरा कोड कळेपर्यंतचा तात्पुरता) लागून जादा कर कापला गेला, तो पुढे समायोजित झाला. आणि कर तर आहेच. २०२५-२६ मध्ये पूर्ण स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी पेन्शन, आठवड्याला २३०.२५ पौंड होती, म्हणजे वर्षाला १२ हजारांच्या आसपास. करमुक्त मर्यादा होती १२,५७०. उरलेल्या जागेत ॲन्युइटीचे जेमतेम सहाशे पौंड मावत होते, बाकीवर २० टक्के. ९,३५० हा हातात पडणारा आकडा नव्हे.

दुसरी बोच महागाईची. दरवर्षी महागाईनुसार वाढणारी ॲन्युइटी सुरुवातीला खूपच कमी देते, म्हणून नाही घेतली. पण कौन्सिल टॅक्सचं (घरावरच्या स्थानिक कराचं) बिल वाढतं आणि माझी रक्कम जिथल्या तिथे. दहा वर्षांनी तिची किंमत काय राहील, हे मला नीट दिसतं. तिसरं म्हणजे ३० दिवसांची परत फिरायची मुदत संपली की यात बदल नाही. उद्या तब्येत आणखी ढासळली तरी रक्कम वाढत नाही. त्यामुळे एखादी मोठी तपासणी समोर असेल तर निकाल हाती येईपर्यंत थांबलेलं बरं.

पुण्याच्या भावाने विचारलं, इथेही असं मिळेल का? एलआयसीच्या जीवन अक्षय या ॲन्युइटी योजनेत वैद्यकीय तपासणीच लागत नाही, वय आणि पर्याय बघून दर ठरतो. त्याचा बायपास तिथे कामाचा नाही. तो म्हणाला, “मग मी उगाच पथ्य पाळतोय की काय?”

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो बदलता न येण्याबद्दल. ज्यांच्या जुन्या पेन्शन पॉलिसीत ॲन्युइटीच्या दराची हमी लिहिलेली आहे त्यांनी मात्र आधी तो कागद शोधा. १९८०च्या आसपासच्या काही पॉलिसींत तो दर इतका चांगला असतो की आजारपणाची वाढ धरूनही बाहेर तेवढं मिळत नाही, आणि पॉट हलवला की ती हमी जाते.