बीमएनजीचं 'मोबाइल व्हर्जन' आणि गेलेले 18 हजार

बीमएनजी डॉट ड्राइव्ह हा गाड्यांचा खेळ मोबाइलवर नाही. घाईत असाल तर एवढंच वाचून पोरांना सांगा. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कंपनीचा हा खेळ 2015 पासून स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो, तो संगणकासाठी. गाडी भिंतीला धडकली की बॉनेट खऱ्यासारखं चुरगळतं, कारण गाडीचा सांगाडा शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्यांचा बनवलेला असतो आणि त्यांचं गणित सेकंदाला 2000 वेळा मांडलं जातं. चांगला संगणकसुद्धा यात तापतो.

भाचा नववीत, खानापूरचा. सुट्टीला आमच्याकडे शहापूरला आला होता. त्यानं मला व्हिडिओ दाखवला. कुणाच्या तरी हातात फोन, त्यावर हाच खेळ धडाक्यात चाललेला. पैसे गेल्यावर तोच व्हिडिओ सावकाश बघितला, तर अंगठा डावीकडे आणि गाडी वळते उजवीकडे! संगणकावरचं चित्रण फोनच्या चौकटीत चिकटवलं होतं.

"मामा, ग्रिड आलाय की मोबाइलवर, मग ह्यो का न्हाई येणार?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ग्रिड ऑटोस्पोर्ट हा संगणकावरचा खेळ 2019 मध्ये अँड्रॉइडवर रीतसर आला, प्ले स्टोअरवर. ठग असल्या खऱ्या गोष्टीच्याच आडोशाला बसतात.

व्हिडिओखालच्या लिंकवरून आलेली फाइल जेमतेम 38 एमबीची. मूळ खेळाला कित्येक जीबी जागा लागते, तिथंच खरं तर विषय संपतो. फाइल माझ्या फोनवर टाकली, कारण त्याच्या फोनला जागा नव्हती. फोननं 'अनोळखी स्रोत' म्हणून इशारा दिला, तर व्हिडिओतल्या बाबानं तो आधीच सांगून ठेवलेला: असा मेसेज येईल, घाबरू नका, परवानगी द्या. मग अ‍ॅपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली आणि पाठोपाठ अ‍ॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं वाचायची आणि आपल्या जागी बटणं दाबायची. गाड्या पळवायच्या खेळाला माझे मेसेज वाचून काय करायचंय? शेवटी लायसन्सचे म्हणून 49 रुपये, त्यासाठी डेबिट कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे. ते भरल्यावर लाल गाडीचं एक चित्र आलं, खाली लोडिंगची पट्टी 99 टक्क्यांवर. ती तिथंच राहिली.

रात्री झोपेत असताना खात्यातून दोनदा मिळून 18 हजार गेले. ओटीपी आले होते. आम्ही बघायच्या आत अ‍ॅपनं वाचून पुढं पाठवले.

सकाळी आधी बँकेला सांगून कार्ड बंद केलं, मग बायकोच्या फोनवरून 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली. हा क्रमांक देशभर चालतो आणि लवकर कळवलं तर पैसे ज्या खात्यात गेले तिथं अडवता येतात. आमचे थोडे अडकून आहेत, बाकीचे त्याच रात्री पुढं पसार झाले. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते आणि कर्नाटकात जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यातही. बँकेत "ओटीपी तुमच्याच फोनवरून गेला" हे ऐकावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे आपल्या हयगयीनं पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून फोन केल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्याच.

भाच्याच्या वर्गातल्या ग्रुपवर ही फाइल अजून फिरतेय. ज्यांच्या घरी ती टाकली असेल त्यांनी आधी फोनचं इंटरनेट बंद करून सिम बाहेर काढावं आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवावं. नुसतं अनइन्स्टॉल दाबून अ‍ॅप जाईलच असं नाही. आमचं गेलं नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' दोन्हीकडून त्याचं नाव काढलं, तेव्हा गेलं. मी शेवटी फोन पूर्ण रिसेट केला, पण त्याआधी तक्रारीसाठी लिंकचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले.