अंकोर वाटला एकच दिवस असेल तर गाईड घ्याच

आधी निकाल सांगून टाकते. गाईड आणि टुकटुकवाले दादा दोघंही एक नंबर, दुपारचं जेवण फालतू, आणि मधे घुसवलेलं रेशमाचं दुकान अजिबात नको होतं. आम्ही चौघी मैत्रिणी कंबोडियाला सिएम रीपमधे राहिलो होतो, अंकोर वाट आणि आसपासच्या जुन्या मंदिरांसाठी हातात एकच पूर्ण दिवस होता, म्हणून हॉटेलच्या डेस्कवरूनच टुकटुक आणि लायसन्स असलेला इंग्लिश बोलणारा गाईड असं एकत्र बुक केलं, पहाटेच्या सूर्योदयापासून संध्याकाळपर्यंत.

तिकीट यात धरलेलं नसतं. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, आणि प्रत्येक पासमधले २ डॉलर तिथल्या कांथा बोफा या मुलांच्या हॉस्पिटलला जातात, ते कळल्यावर रक्कम जरा कमी टोचते. मंदिराच्या दारात तिकीट मिळत नाही, तिकीट ऑफिस वेगळं आहे, आणि पासवर तुमचा फोटो छापलेला असतो त्यामुळे दुसऱ्या कुणाचा पास चालत नाही. पास दिवसभर हाताशी ठेवा, जवळजवळ प्रत्येक मंदिराशी तो बघतात.

टुकटुकवाले दादा पहाटे अंधारात वेळेच्या आधीच हजर होते. तिथली टुकटुक म्हणजे मोटरसायकलला जोडलेली छपराची गाडी, समोरासमोर बसायचं, चौघी आरामात मावलो पण ज्यांचे पाय लांब आहेत त्यांनी चौघांसाठी दोन केलेल्या बऱ्या. पहाटे वारा गार लागतो. आईसबॉक्समधे पाण्याच्या बाटल्या होत्या, प्रत्येक मंदिरातून बाहेर आलो की दादा न मागता हातात गार पाणी द्यायचे, आणि तिथल्या उकाड्यात त्याची किंमत काय असते ते जाऊन आलेल्यालाच कळेल.

सूर्योदयाबद्दल स्पष्ट बोलते. अंकोर वाटला पहाटे पाच वाजता आत सोडतात आणि सगळेच्या सगळे डावीकडच्या तळ्याच्या काठावर जाऊन उभे राहतात कारण पाण्यात पाचही शिखरांचं प्रतिबिंब दिसतं. आम्ही गेलो त्या दिवशी ढग होते, सूर्य असा दिसलाच नाही, फक्त शिखरांच्या मागे आभाळ हळूहळू उजळत गेलं. छान वाटलं, खोटं कशाला बोलू, पण फक्त तेवढ्यासाठी पहाटे उठायला मी कुणाला सांगणार नाही. उठायचं ते त्याच्या पुढच्या दोन तासांसाठी. सूर्य वर आला की अर्ध्याहून जास्त गर्दी नाश्त्याला हॉटेलवर परत जाते आणि आमचा गाईड नेमका तेव्हाच आम्हाला आत घेऊन गेला, तेही समोरच्या पश्चिमेच्या ओवऱ्यांत नाही तर थेट मागे, पूर्वेला. का, तर सकाळचं ऊन त्या भिंतीवर पडतं.

तिथे समुद्रमंथन आहे. सुमारे ४९ मीटर लांब एकच शिल्पपट, एकाच भिंतीवर! लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, तरी गाईड नसता तर आम्ही दहा मिनिटांत फोटो काढून पुढे गेलो असतो. त्याने आम्हाला एका टोकाला उभं केलं आणि म्हणाला आता घाई न करता चालत मधे या, फक्त डोळे बघा. वासुकीच्या तोंडाकडे असुर, बटबटीत गोल डोळे आणि डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण, ९२ जण. शेपटीकडे ८८ देव, बदामी डोळे, टोकदार मुकुट. मधे विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरा उडतायत, आणि खाली पाण्यात मासे आणि मगरी, त्यातले रवीच्या जवळचे घुसळणीत सापडून चक्क कापले गेलेत. दगडात पाण्याचा वेग दाखवायची ही कल्पना ज्याला सुचली त्याच्यासमोर हात जोडावेसे वाटतात. शेपटीच्या टोकाला एक वानर आहे, गाईड म्हणाला हा हनुमान. आपण ऐकलेल्या मंथनात हनुमान कुठेच नाही, यावर आमची आणि त्याची मस्त चर्चा झाली, आणि तो ऐकून घेणारा माणूस होता, पाठ केलेलं धडाधड बोलून मोकळा होणारा नव्हता.

मग दक्षिणेला स्वर्ग नरकाचा पट, ३७ स्वर्ग आणि ३२ नरक, रेड्यावर बसलेला यम आणि निवाडा करणारा चित्रगुप्त. शिक्षा बघवत नाहीत पण कोरीवकाम सोडवत नाही. चालता चालता गाईडने सांगितलं की हे शिल्पपट खरं तर आपल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने बघायचे आहेत आणि मंदिराचं तोंडही पश्चिमेला आहे, या दोन्ही गोष्टी मृत्यूशी जोडल्या जातात, म्हणून काही अभ्यासकांच्या मते राजा दुसऱ्या सूर्यवर्मनने १२व्या शतकात हे विष्णूचं मंदिर बांधलं ते स्वतःच्या मरणानंतरचाही विचार करून.

सगळ्यात वरचा मजला म्हणजे बाकान. एका वेळी १०० जणच सोडतात, जिने भयंकर उभे आहेत, आणि खांदे गुडघे झाकलेले हवेत. आमच्यातल्या एकीने बिनबाह्यांच्या टॉपवर ओढणी घेतली होती, ती चालत नाही, बाह्या असलेलाच कपडा लागतो. पण गाईडच्या पिशवीत जास्तीचा शर्ट होता, त्याला हे रोजचंच असणार. म्हणून म्हणते माणूस अनुभवी घ्या.

मग अंकोर थोम, म्हणजे जवळचंच जुनं तटबंदीचं राजधानीचं शहर. दक्षिणेच्या दरवाजापाशी टुकटुक थांबवून त्याने आम्हाला खंदकावरचा रस्ता पायी पार करायला लावला. एका बाजूला ५४ देव, दुसऱ्या बाजूला ५४ असुर, सगळ्यांच्या हातात नाग, म्हणजे सकाळी भिंतीवर बघितलेलं मंथन इथे पूर्ण आकारात रस्त्याच्या दोन्ही बाजूला! गाडीत बसून गेलो असतो तर कळलंही नसतं. आतल्या बायोन मंदिरात सगळे त्या भल्यामोठ्या दगडी चेहऱ्यांचे फोटो काढण्यात गुंतलेले असतात पण बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सोडू नका, तिथे राजा कमी आणि माणसं जास्त आहेत, बाजार भरलाय, कोंबड्यांची झुंज चाललीये, कुणी स्वयंपाक करतंय, आणि शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी नावेतली लढाई.

आता तक्रारी. जेवणाची जागा हॉटेलने आधीच ठरवलेली, महाग आणि बेचव, आणि आमच्यात दोघी शाकाहारी, तिथे भाजीतही फिश सॉस असतो. गाईडने आत जाऊन स्वयंपाक्याशी बोलून साधा भात आणि परतलेल्या भाज्या करून आणल्या म्हणून निभावलं. त्यानंतर ते दुकान. कार्यक्रमात आधी सांगितलेलं नव्हतं, अर्धा तास गेला, आणि त्यामुळे ता प्रोम मंदिरात भर गर्दीत पोचलो. झाडांची मुळं भिंतींवर उतरलेली ती जागा शांतपणे बघायची आहे आणि आम्ही फोटोच्या रांगेत उभ्या. बुक करतानाच विचारून घ्या की दुकान आहे का, आणि असेल तर काढून टाका म्हणा. आपल्या भारताच्या पुरातत्त्व खात्याने ता प्रोमला जीर्णोद्धाराचं बरंच काम केलंय, तेही गाईडनेच दाखवलं, आम्हा चौघींना खूप अभिमान वाटला.

मला वाटलं आता संपलं, पण पास दिवसभर चालतो म्हणून गाईड आम्हाला चारच्या सुमाराला परत अंकोर वाटला घेऊन गेला. पश्चिमेच्या ओवरीत तेव्हा ऊन येतं आणि तिथे कुरुक्षेत्र आहे. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, मधे एकमेकांत घुसलेलं सैन्य, आणि गाईडने तोंड उघडायच्या आत आमच्यातली एक ओरडली, अगं भीष्म, शरपंजरी! परक्या देशात, भाषा येत नसताना, दगडातला माणूस आपण ओळखतो याचा आनंद शब्दात नाही सांगता येत मला. त्याच ओवरीच्या दुसऱ्या भागात लंकेचं युद्ध आहे, त्यालाही तितकाच वेळ द्या.

पैशांचं सांगायचं राहिलं. सगळीकडे डॉलर चालतात पण फाटकी किंवा थोडीशीही चिरलेली नोट घेत नाहीत, सुट्टे तिथल्या चलनात, रिएलमधे परत मिळतात, साधारण ४००० रिएलला एक डॉलर धरा. गाईड आणि दादांना टिप वेगवेगळी द्या, एकाकडेच दिली तर वाटणीत अवघडल्यासारखं होतं. आणि बाकान बौद्धांच्या पवित्र दिवशी बंद असतो, तारीख ठरवण्याआधी तेवढं हॉटेलला विचारून घ्या.