सोलापुरात फिश टँक असणाऱ्यांनी वाचा: ऑटो पाणी बदलायच्या मशीनच्या नावाखाली चाललेली लूट

जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड ह्या बाजूला सध्या एक माणूस फिरतोय, फिश टँकचं पाणी आपोआप बदलणारं मशीन बसवून देतो म्हणतो. मोबाईलवर त्याचं रील येतं, फोन केला की दुसऱ्या दिवशी घरी हजर. बोलायला एकदम गोड, सर सर करतो, घरात आई असली की पाया पडतो. त्याचं नाव इथं लिहीत नाही, एकतर त्याने मला सांगितलेलं नाव आणि युपीआयवर दिसलेलं नाव वेगवेगळं होतं, आणि नावापेक्षा त्याची पद्धत लक्षात ठेवा कारण नाव तो बदलणारच आहे.

माझ्याकडे चार बाय दीड बाय दीडची टाकी, म्हणजे काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर, दगडवाळू धरून सव्वादोनशे. त्यात दोन ऑस्कर. ज्यांनी ऑस्कर पाळलेत त्यांना माहितीय हा मासा खातो किती आणि घाण करतो किती, आठवड्याला पन्नास-साठ लिटर पाणी बदललं नाही तर नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारा घटक, चढतं आणि मासा सुस्त पडतो. आता सोलापुरात पाणी चार-पाच दिवसाआड, त्यात बादल्या वाहायच्या, पाईप तोंडाने ओढायचा, फरशीवर सांडलं की घरच्यांचं ऐकायचं. त्यामुळे आपोआप पाणी बदलणारं काहीतरी पाहिजे हे कुणालाही वाटणारच. आणि मी आधीच सांगतो, ऑटो वॉटर चेंज ही गोष्ट खोटी नाहीये, जगभर लोक वापरतात, फसवणूक आहे ती ह्या माणसाच्या डब्यात.

त्याचा डेमो बघण्यासारखा असतो. दोन काचेचे ग्लास घेतो, एकात आपल्या टाकीतलं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं "मशीनचं" पाणी. मग चार धातूच्या कांड्या लावलेलं एक यंत्र दोन्हीत बुडवून प्लगला लावतो. मिनिटभरात टाकीतलं पाणी तपकिरी, वर हिरवट फेस, खाली गाळ, आणि त्याच्या ग्लासातलं जसंच्या तसं स्वच्छ. मग म्हणतो, "बघा सर, तुमचे मासे ह्याच्यात श्वास घेतात." आई तर तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

हा खेळ पाण्याचे फिल्टर विकणारेही वर्षानुवर्षं करतात. त्या कांड्यांमध्ये लोखंडाची एक असते, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि लोखंडच विरघळून गंज तयार होतो, दिसतो तो गाळ कांडीचा असतो, माशांच्या घाणीचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच्या बाटलीत आरओचं पाणी असतं, त्यात क्षार नावाला, मग करंटच वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. खात्री करायची असेल तर त्याच्याच स्वच्छ पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसंच तपकिरी होतं. मी नंतर इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या ओळखीच्या पोराकडून करून बघितलं, आरओचं पाणी आणि मीठ, तस्साच चिखल.

दुसरा डेमो क्लोरीनचा. एका बाटलीत "तुमच्या नळाचं पाणी" आणि दुसरीत मशीनमधून आलेलं, दोन्हीत ड्रॉपरने थेंब टाकतो, नळाचं पिवळं होतं, मशीनचं होत नाही. हे थेंब मात्र खरे असतात बरं का, क्लोरीन असलं की पाणी पिवळं होतंच, पाणीपुरवठावाले पण ह्याच पद्धतीने तपासतात. लबाडी दुसरीकडे आहे. तो आमच्याकडे आला तेव्हा नळाला पाणीच नव्हतं, पाणी येऊन तीन दिवस झालेले, हौदातलं आणि गच्चीवरचं पाणी उघडं पडून त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं. मग पिवळं झालं ते पाणी कुठलं? ते त्याच्या पिशवीतून आलं होतं. आणि मशीनमधून आलं ते आमच्या गच्चीवरचं, त्यात काढायला काही नव्हतंच.

तर १८,५०० सांगितले, १२,००० आधी आणि बाकीचे बसवल्यावर. बसवायला आला तेव्हा एक पांढरा डबा, त्यावर निळी लाईट आणि स्टिकर, स्टिकरवर "सेव्हन स्टेज". गच्चीच्या लाईनला टी मारून बारीक पांढरी पाईप टाकीपर्यंत आणली, टाकीत पाणी काढायला एक छोटा पंप सोडला आणि वर रबरी चिमटीने एक फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी बघून पाणी थांबवणारा तरंगता स्विच, चिकटवला. टायमर लागला की पंप जुनं पाणी मोरीत फेकणार आणि व्हॉल्व्ह उघडून नवीन पाणी आत येणार. मी विचारलं की ओव्हरफ्लोचं भोक कुठाय, टाकी जास्त भरली तर पाणी जाणार कुठं, तर म्हणाला "सर काचेला भोक पाडलं की टाकी फुटते, आपलं सेन्सरवर आहे सगळं, इम्पोर्टेड सेन्सर."

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. साध्या काचेला डायमंडच्या होल सॉने पाणी सोडत सोडत भोक पाडता येतं, काचवाले रोज पाडतात, टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेलाच पाडता येत नाही, ती तडकून चुरा होते. आपल्याकडच्या घरगुती टाक्या बहुतेक साध्या काचेच्या असतात, मोठ्या टाकीचा तळ कधीकधी टफन असतो, म्हणून विचारून भोक बाजूच्या किंवा मागच्या काचेला पाडायचं. पण भोक पाडायला वेळ लागतो, कारागीर लागतो, जबाबदारी येते, आणि ह्याला तर तासाभरात पैसे घेऊन निघायचं असतं.

दोनेक आठवडे बरं चाललं. मग पाण्याचा दिवस आला तेव्हा नळाला ब्लीचिंगचा वास येईल इतकं क्लोरीन होतं, हौद भरला, मोटर लावून वर चढवलं, आणि संध्याकाळी टायमरने ते ताजं पाणी थेट टाकीत. दोन्ही ऑस्कर वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, एक काचेवर आपटत होता. घरात अँटीक्लोर, म्हणजे क्लोरीन मारायचं औषध होतं ते टाकलं, हवेचे दोन्ही पंप फुल केले, मोठा वाचला, लहान रात्रीतून गेला. पाच वर्षांचा मासा होता, माझ्या हाताला ओळखायचा.

ह्या माणसाला फोन केला तर म्हणे "सर तुमच्या सोलापूरच्या पाण्यातच लोच्या आहे, एक एक्स्ट्रा कार्ट्रिज लागेल, ३,२०० होतील." म्हणजे बघा हिंमत.

त्यानंतर माझा मेव्हणा सांगोल्याहून आलेला, त्याची डाळिंबाची बाग आहे, तो डबा बघून म्हणाला, "दाजी, खोला की बे ह्याला, बघू तरी काय घातलंय." खोललं. आत घरगुती आरओला असतो तो प्लास्टिकचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारा, एक ॲडॉप्टर, स्वस्तातला टायमर आणि एक स्पन फिल्टर, तो पांढरा दोऱ्यासारखा गुंडाळलेला. सात स्टेजमधली एवढी एकच स्टेज. कार्बन, म्हणजे कोळशाचा फिल्टर, नावालाही नाही. आणि स्पन गाळ अडवतो, क्लोरीन त्याच्यातून सरळ जातं, क्लोरीनला कार्बनच लागतो. पाईपच्या तोंडाला काळं बोंडुक होतं, ते बघून मेव्हणा हसायलाच लागला, "अहो दाजी हा तर आमच्या झाडाखालचा ड्रिपर!" तासाला चार लिटरवाला, ड्रिपच्या कुठल्याही दुकानात चिल्लर पैशात मिळतो. आरओ दुरुस्त करणाऱ्याला सगळं सामान दाखवलं, त्याने हातावर हिशोब केला, पाईप-पंप धरून दीड हजाराच्या आतच.

ड्रिपर वापरला म्हणून माझी तक्रार नाही, उलट जगात बरेच लोक ड्रिपरनेच करतात, पण तो ड्रिपर शेतातल्या प्रेशरसाठी असतो, एक किलोच्या आसपास. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा-बारा फूट वर असली तर प्रेशर मिळतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. त्यामुळे चार लिटर लिहिलेला ड्रिपर किती सोडेल ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजावं लागतं, ह्याने काहीच मोजलं नव्हतं. आणि खरंच चार लिटरने दिवसभर चालला तर २४ तासात ९६ लिटर होतात, पाणी पाच दिवसाने येणाऱ्या गावात रोज शंभर लिटर मोरीत सोडायचं का? त्याचं पाणी झाडांना तरी गेलं पाहिजे.

डबा परत जोडून ठेवला होता, पंप आणि टायमर काढून टाकायचं ठरत होतं, तेवढ्यात दुसरा प्रकार झाला. त्या व्हॉल्व्हच्या आधी गाळणी नव्हती, स्पन व्हॉल्व्हच्या पुढे लावलेला, म्हणजे गच्चीवरचा सगळा गाळ आणि बोअरचा पांढरा क्षार आधी व्हॉल्व्हमध्ये. व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच अडकला. त्यात असले व्हॉल्व्ह कमी प्रेशरला नीट बसत पण नाहीत. फ्लोट चिकटवलेली चिमटी सुटून खाली पडलेली. रात्री पाणी काठावरून हॉलमध्ये, सोफ्याखाली, इन्व्हर्टरच्या बॅटरीपर्यंत. ओव्हरफ्लोचं भोक असतं तर जास्तीचं पाणी गुपचूप मोरीत गेलं असतं आणि आम्ही झोपून राहिलो असतो, एवढाच फरक आहे खऱ्या सिस्टीममध्ये आणि ह्याच्या डब्यात. सेन्सर, पंप, व्हॉल्व्ह हे सगळं कधी ना कधी बंद पडतं, भोक बंद पडायचं प्रमाण त्यामानाने फारच कमी, जाळी साफ ठेवली म्हणजे झालं.

अजून एक त्याची थाप, "महिन्यात पाणी शंभर टक्के नवीन." थेंब थेंब पद्धतीत नवीन पाणी जुन्यात मिसळतं आणि मिसळलेलंच बाहेर जातं, त्यामुळे टाकीएवढं सगळं पाणी आत सोडलं तरी बदलतं ६३ टक्केच, ३७ टक्के जुनं राहतंच. हे वाईट नाही, पण शंभर म्हणून विकू नका ना. आणि टायमर त्याने दुपारी एकचा लावलेला, मार्च-एप्रिलमध्ये आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंघोळीला विसण घालावं लागेल इतकं तापतं, ते माशांवर. मीच तो बदलून संध्याकाळचा केला होता. खरंतर पहाटेचाच पाहिजे.

आता बिल. हाताने लिहिलेलं, वर जीएसटी नंबर छापलेला. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने होते. त्याचा २९ ने, म्हणजे कर्नाटकचा, आणि पत्ता पुण्याचा. जीएसटीच्या वेबसाईटवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतो, टाकला तर तो कुठल्यातरी कापड दुकानाचा निघाला, त्या बिचाऱ्याला पत्ता पण नसेल. पैसे देण्याआधी हे दोन मिनिटात होतं, मोबाईलवरच.

पैसे परत मागितल्यावर आधी "कंपनीशी बोलतो", मग "मशीन पाठवा मग बघू", मग फोन उचलायचा बंद, मग ब्लॉक. मी ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवली, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाईन पण टाकलीय. ज्यांना वाटतं कोर्टकचेरी कोण करणार त्यांच्यासाठी, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा पुण्याचा असो का विजापूरचा. घटनेपासून २ वर्षांच्या आत करायची. युपीआयची पावती, व्हॉट्सॲपचं बोलणं, डब्याचे आतले फोटो, मेलेल्या माशाचा फोटो सगळं लावलंय.

ज्यांनी अजून पैसे दिले नाहीत आणि ज्यांना खरंच ऑटो पाहिजे त्यांनी कुणाकडूनही घ्या, पण उरलेले पैसे देण्याआधी त्याच्यासमोर दोन गोष्टी करा. एक, टाकी भरून मेन स्विच बंद करा आणि अर्धा तास बघा पाणी कुठं जातंय, आणि परत चालू केल्यावर काय होतंय. फ्लोट हाताने खाली दाबून धरा, पाणी वाढत राहिलं तर ते ओव्हरफ्लोतून निघालं पाहिजे. दोन, पाण्याच्या दिवशी नळाला आलेलं ताजं पाणी स्वतःच्या हाताने भरून त्याच्या फिल्टरमधून सोडा आणि स्वतःच्या थेंबांनी तपासा, ती छोटी किट ॲक्वेरियमच्या दुकानात मिळते. पाण्याच्या दिवशी यायला तो टाळाटाळ करत असेल तर समजून जा.

माझ्याकडे सध्या मोठा ऑस्कर एकटा आहे, टाकीला अशोक चौकातल्या काचवाल्याकडून मागच्या बाजूला भोक पाडून घेतलंय, कनेक्टर बसवून पाईप खाली परसात कढीपत्त्याला सोडलाय. वरून पाणी मात्र मी अजून हातानेच सोडतो, कार्बनचं हौसिंग लावून, बारीक नळाने.

त्याचं रील नवीन नावाने परत चालू झालंय, व्हिडिओ तोच, लाल किल्ला ठेवलेली टाकी आणि तो तपकिरी ग्लास. ज्यांच्याकडे त्याने आधी बसवलंय त्यांनी बिल फेकू नका, त्यावरचा जीएसटी नंबर माझ्याकडच्यासारखाच २९ ने सुरू होतोय का बघा, एकाच प्रकाराने फसलेले जास्त लोक असले तर आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते.