बासरीच्या आलापाला संगणकाची साथ: प्युअर डेटा

एकट्या बासरीसाठी इलेक्ट्रॉनिक साथीची रचना करणाऱ्याने प्युअर डेटा हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे, असे मी ठामपणे सांगेन. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीबरोबर आलाप नीट होत नाही, कारण वादकाचा श्वास आणि ठहराव त्या मुद्रणाच्या घड्याळाला बांधले जातात. येथे मात्र संगणकच वादकाला ऐकतो आणि त्याच्या मागून चालतो. ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच संगीतकार फिलिप मानुरी यांनी पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत १९८७ साली बासरी आणि संगणकासाठी ‘ज्युपिटर’ रचले, तेव्हा तांत्रिक बाजू सांभाळणारे मिलर पकेट हेच पुढे १९९० च्या दशकात प्युअर डेटाचे कर्ते झाले.

पडद्यावर लहान चौकटी मांडून त्या रेषांनी जोडायच्या, एवढीच याची पद्धत. त्यातली ‘सिगमंड’ ही चौकट सूर ओळखते, आणि दर अर्धस्वराला एक आकडा धरून ६४.३ असा अपूर्णांकातला आकडा देते, म्हणून मींड आणि श्रुती शाबूत राहतात. माझ्या पांढरी तीन पट्टीच्या बासरीचा मंद्र पंचम साधारण २४७ हर्ट्झवर येतो. सूर ओळखण्यासाठी ही चौकट एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तपासते, ती तिची खिडकी. नेहमीच्या १०२४ नमुन्यांच्या (आवाजाच्या सुट्या मोजमापांच्या) खिडकीत, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांत, त्याची जेमतेम पाच-सहा आवर्तने बसतात. त्यातच फुंकेचा फुसफुसाट मिसळला की आकडा एकदम सप्तकभर उडी मारतो. खिडकी २०४८ केली तर सूर स्थिरावतो, पण प्रतिसाद तेवढाच रेंगाळतो. आलापात हे चालते, द्रुत तानेत चालत नाही, आणि रचनाकाराने हे लिहितानाच ठरवायला हवे.

घोडबंदर रस्त्यालगतच्या माझ्या खोलीत ट्रकची घरघरही माइकमध्ये शिरते. ‘हिप’ चौकटीने १५० हर्ट्झखालचा आवाज गाळला की ती बरीच कमी होते आणि बासरीच्या सुरांना धक्का लागत नाही. सराव मात्र हेडफोन लावूनच करावा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परतला तर संगणक स्वतःच्याच साथीला उत्तरे देत बसतो.

उणीव एकच, पण मोठी: सुरुवातीला समोर फक्त कोरा पडदा येतो, आणि तयार वाद्यांची सवय असलेल्याला तो फार परका वाटतो. अशा वेळी कोणत्याही चौकटीवर राइट क्लिक करून ‘हेल्प’ निवडावे. तिथे उघडणारा नमुना वाजता असतो. त्यातले आकडे बदलून बघता येतात आणि हवा तो भाग उचलून आपल्या रचनेत जोडता येतो.